स्मारकाला कोटी, मूळ वास्तूला कौलही नाही

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याचा भिडेवाडा पाडला गेला. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीमाईंनी ज्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो हा वाडा. जागेचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात चालला, वाडा तोवर कणाकणाने ढासळत राहिला आणि सर्वोच्च न्यायालयातून निकाल आल्यावर उरलेल्या भिंतीही उतरवल्या गेल्या. तेथे आता राष्ट्रीय स्मारक होणार आहे. स्मारकाला आमचा विरोध नाही. ते झालेच पाहिजे. पण ज्या भिंतींच्या आत ती शाळा भरली त्या भिंती टिकवायला पैसा मिळाला नाही आणि त्यांच्या जागी नवे बांधायला मिळतो, हे कोडे आम्हाला सुटत नाही. की ते कोडे नाहीच?

दिल्लीत २६, अलीपूर रोडवर ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ते मूळ घर आज नाही. त्या जागी संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराची भव्य इमारत आहे, तिचे उद्घाटन २०१८ मध्ये झाले. मुंबईत इंदू मिलच्या जागेवरील स्मारकाचा खर्च हजार कोटींच्या पुढे गेला आहे. उलट उदाहरणही आहे, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. म्हणजे मनात आणले तर मूळ घर जपता येते. मनात कधी येते, हा खरा प्रश्न आहे. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी सुमारे दोन दशके काढली, पण चाळीतल्या दोन खोल्यांवरून विमानातून फुले टाकता येत नाहीत.

हे सगळे आम्ही लांबून पाहत होतो. मग ते आमच्याच दारात आले.

आमच्या तालुक्याच्या गावी भीमनगरात एक तक्क्या आहे. नव्या मुलांना हा शब्द ठाऊक नसतो म्हणून सांगतो. महारवाड्यातली बैठकीची जागा म्हणजे तक्क्या. गावाच्या धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत आपल्या माणसाला पाठ टेकायची मुभा नव्हती. परगावच्या पाहुण्याने, मोर्चाला निघालेल्या कार्यकर्त्याने, जलशाच्या शाहिराने उतरायचे कुठे? तक्क्यात. आमचा तक्क्या दगड-चुन्याचा, सागवानी वाशांचा, मंगलोरी कौलांचा आहे, स्वातंत्र्याच्या आधी बांधलेला. तेथे समता सैनिक दलाची कवायत झाली, रात्रशाळा भरली, १९५६ नंतर त्याच भिंतीशी बुद्धमूर्ती बसली. जुनी माणसे सांगतात की तो बांधताना बायांनी वेठबिगारीसारखे नव्हे तर सणासारखे दगड वाहिले. पश्चिमेकडची भिंत आता फुगली आहे आणि निम्मी कौले गेली आहेत.

तीन वर्षांपूर्वी बातमी आली की वस्ती विकासाच्या योजनेतून नवे समाजमंदिर मंजूर झाले आहे. जुने पाडायचे, स्लॅबचे बांधायचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या या योजनेला सरसकट नावे ठेवणारे आम्ही नाही. रस्ते, गटारे, दिवे याच योजनेने आमच्या वस्त्यांत आणले. पण तिच्या कोष्टकात ‘दुरुस्ती’ला फारशी किंमत नसते. नवे काम दाखवता येते, त्याची फीत कापता येते, त्यावर नाव कोरता येते. वाश्यांना तेलपाणी करून कुणाचे नाव लागणार?

आमच्यातलाच एक तरुण नगरसेवक म्हणाला, “दादा, ३१ मार्चच्या आत काम सुरू नाही झालं तर निधी परत जाईल. मग बसा कौलं मोजत.” त्याचा राग खोटा नव्हता. वस्तीत लग्नाला हॉल नाही, अभ्यासिकेला जागा नाही. बैठकीत भिंतीशी बसलेल्या आक्का मात्र उठल्या. “तुझा हॉल बांध की बाबा. पण माझ्या सासऱ्यानं वाहिलेला दगड का उचलतोस? शेजारची जागा मेली काय?” शेजारी पालिकेची मोकळी जागा होती, हे सगळ्यांना ठाऊक होते, बोलले कुणी नव्हते. हॉल तिकडे सरकवण्यात आमचे दीड वर्ष गेले. तो आता उभा आहे. तक्क्याही उभा आहे, पण त्याच्यासाठी पैसा शोधायचे काम आमच्या गळ्यात पडले.

आणि येथून पुढे आम्ही जे शिकलो ते सांगण्यासाठीच हा लेख.

वारशासाठी देशात पैसा नाही, हे खरे नाही. पैसा आहे. केंद्राच्या संरक्षित यादीत सुमारे ३,७०० स्मारके आहेत, त्यांची देखभाल पुरातत्त्व खाते करते. पण १९५८ च्या कायद्याप्रमाणे त्या यादीत जायला वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. आता आपला इतिहास त्या चौकटीला लावून पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याची शंभरी २०२७ मध्ये. काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० चा, येवल्याची घोषणा १९३५ ची, देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली ती १९५४ मध्ये. आपल्या चळवळीने बांधलेल्या जवळपास सगळ्या वास्तू अजून कायद्याच्या लेखी पोरवयात आहेत. वयात येईपर्यंत त्या उभ्या राहतील का, याची काळजी त्या कायद्याला नाही. मंदिराला, किल्ल्याला, राजवाड्याला ही अट लागू झाली तरी बाधत नाही. ज्यांना शंभर वर्षांपूर्वी पक्के बांधायला ना जमीन होती ना पैसा, त्यांनाच ती बाधते. साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीवाचे नाव दाखल झाले, ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरवावी अशी शिफारस राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने २०२२ मध्ये केली. ती शाळा राजवाड्याच्या इमारतीत भरत होती म्हणून तिचे वय पुरले, हेही लक्षात घ्या.

दुसरा दरवाजा राष्ट्रीय संस्कृती निधीचा. १९९६ मध्ये केंद्राने तो स्थापन केला, त्याला दिलेल्या देणगीवर करात पूर्ण सूट मिळते आणि देणगीदाराला आपल्या पसंतीचे स्मारक सांगता येते. पण देणगीदार पसंती कुणाला देणार? ज्याचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभेल त्याला. कंपन्यांच्या सामाजिक निधीचेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, आणि ऐतिहासिक वास्तूंचे जतन हे त्यातले एक मान्य काम आहे. आम्ही एका कंपनीच्या दारात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, फोटो पाहिले आणि विचारले, “छान आहे, पण यात हेरिटेज काय आहे? हे तर साधं घर दिसतं.” साधे घर बांधायलाही परवानगी नसलेल्या माणसांनी ते बांधले, हेच तर त्यातले हेरिटेज आहे. आम्ही तसे सांगितलेही. पुढच्या आर्थिक वर्षात पाहू, असे उत्तर मिळाले.

खासदार निधी मागावा तर धार्मिक स्थळावर तो खर्च करता येत नाही. आत बुद्धमूर्ती आहे. मूर्ती हलवली तर समाजमंदिर, ठेवली तर धर्मस्थळ. एका कार्यालयात आम्हाला असा सल्लाही मिळाला की अर्जापुरती मूर्ती कुणाच्या तरी घरी ठेवा. आम्ही उठून आलो.

पण खरी भिंत वेगळीच होती. कुठलाही निधी असो, सरकारी की खाजगी, तो पहिल्याच पानावर विचारतो की मालकी कुणाची. आमच्या तक्क्याच्या जुन्या उताऱ्यावर धारक म्हणून लिहिले होते, ‘समस्त महार’. वाचून आधी हसू आले, मग घशात काहीतरी अडकले. हे ‘समस्त महार’ आता कुठे शोधायचे? १९५६ ला आपण ती ओळखच टाकली. आणि कायद्याच्या लेखी समस्त महार ही ना व्यक्ती, ना संस्था. ती सही करू शकत नाही, बँकेत खाते उघडू शकत नाही, करारनामा करू शकत नाही. वस्तीखालची बरीच जमीन महार वतनाची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले, ते वतन कायद्याने जायला १९५८-५९ उजाडले, आणि जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीच्या, सरकारच्या परवानगीविना हात लावता येणार नाही अशा. ज्यांच्या पूर्वजांना सनदा मिळाल्या त्यांच्या वारशाचा कागद आपोआप तयार आहे. आमच्या पूर्वजांना गावाची कामे मिळाली.

विहार समितीचा ट्रस्ट होता, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला. पण नोंदीतल्या विश्वस्तांपैकी एकही हयात नव्हता. विश्वस्त बदलला की बदल अहवाल द्यावा लागतो, तो चाळीस वर्षांत कुणी दिला नव्हता. ते गिरणीत, रेल्वेत, पालिकेच्या सफाई खात्यात राबणारे लोक होते. सकाळी बुद्धवंदना आणि संध्याकाळी वर्गणीचा हिशेब वहीत लिहिणे, इतका त्यांचा कारभार, आणि तो चोख होता. वही आम्ही पाहिली आहे. पण वहीला लेखापरीक्षकाचा शिक्का नाही. निधीला तीन वर्षांचे लेखापरीक्षण लागते, करसूटीची नोंदणी लागते, संवर्धन जाणणाऱ्या वास्तुविशारदाचा सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, आणि तो अहवाल करायलाच लाखाच्या घरात पैसे लागतात. म्हणजे पैसे मागायला आधी पैसे हवेत. बहुतेक अनुदाने हप्त्याने येतात. पहिला हप्ता खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही, आणि मधल्या काळात गवंड्याची मजुरी थांबत नाही. ही यंत्रणा कुणी मुद्दाम आपल्याविरुद्ध रचली असे आम्ही म्हणत नाही. ती ज्यांच्यासाठी रचली त्यांच्याकडे हे सगळे आधीच होते, एवढेच. जातिव्यवस्था नेहमी शिवी देऊनच काम करते असे नाही. कधी ती फक्त कागद मागते.

येथे आपल्याच काही साथींचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला, तुम्ही दगडमातीची पूजा मांडता. मुलांच्या शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत आणि तुम्ही कौले मोजता. शिष्यवृत्तीचा मोर्चा आम्हीही काढतो, त्याच तक्क्यातून. आणि पूजेचे म्हणाल तर पूजा नव्या पुतळ्याची होते. जुन्या भिंतीकडे पाहून माणूस प्रश्न विचारतो. ही इतकी बुटकी का? गावाबाहेर का? विहीर वेगळी का? नव्या संगमरवरी हॉलमध्ये कुठलेही पोर हे विचारणार नाही. पुरावा नाहीसा झाला की ‘आमच्या गावात असलं काही नव्हतंच’ म्हणणारे तयारच असतात. दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना जून २०१६ मध्ये मध्यरात्री पाडला गेला तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले, ते काही विटांच्या प्रेमाने नव्हे.

दुसरा आक्षेप असा की सरकारी पैसा घेतला की ताबाही जातो. यात तथ्य आहे. आम्ही म्हणतो, करारनामा ओळ न् ओळ वाचा. वापराचा हक्क, वंदनेचा हक्क, जयंतीचा हक्क लेखी ठेवा, मगच सही करा. तसे जमत नसेल तर पैसा नको.

हे जगात आधी कुणी केले आहे का, असे आम्ही विचारत होतो, तेव्हा नजर अमेरिकेकडे गेली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, पँथरने तर नावच तिकडून घेतले. तिथल्या कृष्णवर्णीयांचीही हीच अडचण होती. त्यांचा इतिहास लाकडी चर्चमध्ये, शाळेच्या खोलीत, भाड्याच्या घरात घडलेला. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वारसा न्यासाने आफ्रिकन-अमेरिकन वारशासाठी स्वतंत्र निधी उभा केला. आमचे लक्ष वेधले ते या गोष्टीने की तो फक्त बांधकामाला पैसे देत नाही. प्रकल्पाचा आराखडा करायला, संस्थेत माणूस नेमायला, संस्था सक्षम करायलाही देतो. म्हणजे कागद तयार करायला पैसा! उत्तर कॅरोलिनात ट्रायन येथे गायिका नीना सिमोन यांचे लहानपणीचे तीन खोल्यांचे घर पडायला आले होते. २०१७ मध्ये चार कृष्णवर्णीय कलावंतांनी ९५ हजार डॉलरला ते विकत घेतले, मग या निधीचे बळ मिळाले. तीन खोल्या! आपल्याकडे त्या साहेबांनी विचारले असते, यात हेरिटेज काय?

त्याच देशात १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीने बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने पैसा दिला, पण अट घातली की वस्तीनेही आपला वाटा उचलावा. शेतमजुरांनी, धोबिणींनी जमवलेली रक्कम रोझेनवाल्डच्या पैशाहून थोडी जास्तच भरली. यात आम्हाला आक्कांचे सासरे दिसले.

आणि खरे तर अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर जा. दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने तीन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले, एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. याला तेव्हा अक्षयनीवी म्हणत. उषवदात राजाचा जावई होता हे खरे, पण कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. ज्या लेण्यांना आज सरकार ‘वारसा’ म्हणते ती अशा वर्गणीने उभी राहिली. मुद्दल राखायचे आणि व्याजावर वास्तू चालवायची ही रीत आपल्याला कुणा परदेशी सल्लागाराने शिकवण्याची गरज नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक जिल्ह्यात चळवळीच्या वास्तूंसाठी एक अक्षयनीवी हवी. मोठी नको. तिचा पैसा स्लॅबला नव्हे, तर तीन-चार गोष्टींना लागावा. उतारा दुरुस्त करणे, विश्वस्तांचे बदल अहवाल भरणे, नकाशे काढणे, आणि पावसाआधी छप्पर झाकणे. एवढे झाले की मोठ्या निधीच्या दारात आपण उघड्या हातांनी उभे राहणार नाही. मुंबईत १९९५ पासून महापालिकेची वारसा यादी आहे. इतर शहरांतही अशा यादीसाठी आपल्या वास्तूंची नावे आपणच द्यायला हवीत. पैसा कुठून, असे विचारणाऱ्यांनी १४ एप्रिलला एका रात्रीत डीजेवर किती जातात ते आपल्या मंडळाच्या खजिनदाराला विचारावे. आम्ही विचारले. उत्तर येथे लिहीत नाही, मंडळ आमचेच आहे. पण गेल्या जयंतीला एका भिंतीचा डीजे कमी केला आणि त्यातून निम्मी कौले चढली.

दुरुस्तीबाबत एक इशारा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतल्या आत दगडाचे सांधे खाते आणि दहा वर्षांत भिंत फुगते. आमची पश्चिमेची भिंत अशीच फुगली. ‘पक्के काम’ म्हणून कुणीतरी हौसेने सिमेंट मारून गेले होते. चुना मळणारे गवंडी अजून आहेत. आम्हाला मिळालेले गवंडी साठीच्या पुढचे आहेत, आपल्याच समाजाचे, आणि आयुष्यभर त्यांनी देवळांची डागडुजी केली. आपल्या वास्तूवर पहिल्यांदा थापी धरतोय, असे ते म्हणाले. त्यांच्या हाताखाली वस्तीतली दोन पोरे शिकत आहेत. एका वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन नकाशे काढून दिले, त्यांना फक्त जेवण आणि झोपायला तक्क्या दिला.

विश्वस्तांचा बदल अहवाल दाखल झाला आहे. ‘समस्त महार’ या नोंदीच्या जागी ट्रस्टचे नाव लागावे म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे, सुनावणी पावसाळ्यानंतर आहे. त्यासाठी तक्क्या समाजाच्या वर्गणीतून बांधला याचा लेखी पुरावा लागणार आहे. आक्कांच्या ट्रंकेत सासऱ्याच्या नावाची एक आण्याची पावती सापडली, शाई पुसट पण सही वाचता येते. अशी आणखी एखादी पावती, बांधकामाच्या वेळचा फोटो, ‘जनता’च्या जुन्या अंकात आलेली सभेची बातमी ज्या कुटुंबांकडे असेल, मग ती कुटुंबे आज मुंबईत असोत की पुण्यात, त्यांनी ती घेऊन यावी. मूळ कागद तुमच्याकडेच राहील, आम्ही समोर बसून छायाप्रत काढून घेऊ. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तक्क्यातच असतो.

जय भीम.